आवाज न करता पुकारलेला लिलाव

१२ नोव्हेंबर

तीर्थरूप ताई,

पाया पडतो. इकडे बरं आहे. लेकीला नोकरी लागली. गच्ची अजून गळतेच. भाऊ शेफारला, फोनसुद्धा घेत नाही, असं तू मावशीकडे म्हणालीस ते कानावर आलं. रागावण्याचा तुला हक्कच आहे.

माझ्या नव्या नादाबद्दलही कळलं असेल. लेकीने कॉम्प्युटरवर एक गाव दाखवलं. गाव चित्रातलं, पण त्यात आपली भाषा बोलणारी कुठकुठली माणसं बाहुल्या होऊन हिंडतात, बाकावर बसून गप्पा मारतात. दुपारी जेवण झालं की मी तिथे जातो. तुझी भावजय म्हणते, खरी माणसं सोडून बाहुल्यांत काय रमता?

एक नर्स येते. ती राहते तिथे आपलं बोलणं कुणालाच कळत नाही. एक मास्तर येतात. अंथरुणाला खिळलेत, पण तिथे तळ्याला फेऱ्या मारतात. आणि मी? ताई, तिथे सगळेच लिहून बोलतात. शब्द डोक्यावर उमटतात. तिथे मी चारचौघांसारखा असतो.

उन्हाळ्यात माझ्या घशातली गाठ काढली. तिच्याबरोबर आवाजही गेला, कायमचा. हयातभर भाजी बाजारात लिलाव पुकारणाऱ्याचा. तुला कळवायचं नाही, अशी शपथ मीच सगळ्यांना घातली. घरी पाटीवर लिहायला घेतलं की माझं वाक्य दुसरेच पुरं करतात, तेही चुकीचं.

परवा मास्तरांनी गमतीत चित्रातले भोपळे चौकात आणून ठेवले. मी लिलाव मांडला. 'देठ बघा, मग बोला!' लिहिता लिहिता माझे ओठ हलायला लागले. चौक भरला. 'एक वार, दोन वार, तीन वार' लिहून मान वळवली, तर तुझी भावजय मागे उभी.

"तुमचा आवाज गेल्यापासून मीही गप्पच असते," ती म्हणाली. "तुमच्यासमोर बोलायची चोरी वाटते."

मी समजत होतो, तिला माझा कंटाळा आलाय. पाटी शोधायला धीर नव्हता. चौकातल्या सगळ्यांसमोर तिथेच लिहिलं, 'बोल गं. घर खायला उठतं.' तिने शेवटच्या अक्षरापर्यंत वाट पाहिली. मग खुर्ची ओढून बसली आणि शेजारणीच्या भांडणापासून लेकीच्या लग्नापर्यंत बोलत राहिली. चहा राहूनच गेला.

गावात अजून जातो. मास्तर वाट बघतात.

तू ये. दारात हाक मारली नाही, तर मनाला लावून घेऊ नकोस. आत ये, बस, आणि हवं तेवढं रागाव.

तुझं बोलणं ऐकायला आसुसलेला,
तुझा धाकटा