इराणातला सबुरीचा दगड

॥ श्री ॥
कुंडल, ता. १४ जुलै १९७४

चि. विजयमालेस आजीचा आशीर्वाद. सांगलीपर्यंत हात पोचत न्हाई, न्हाईतर आधी डोक्यावर ठेवला असता आणि मग कान धरला असता. जाऊन महिना झाला, पत्राचा पत्ता न्हाई.

लिहायला शेजारच्या केरबाची सून शालू बसलीय. बोलते तसंच लिही, शहाणपणा घालू नको, असं बजावलंय. तिची सासू भिंतीपलीकडं कान लावून असती, तवा जपूनच बोलते.

तू गेल्यापासून मला लय आराम हाय. भाकरी एकच थापायची. बोलायला म्हैस हाय, पण धार काढून झाली की ती ऐकून घेत न्हाई. तुझा बाप लालासाहेब तिकडं बर्फात पहारा देतोय. त्याचं कार्ड आलं, पोरीकडं लक्ष दे म्हणतो. कुंडलात बसून सांगलीत लक्ष कसं द्यायचं, ते मिलिटरीत शिकवत असतील.

तुझ्या पेटीत लुगड्याच्या धडप्यात एक काळा दगड बांधलाय, मुठीएवढा. फेकू नको. तुझा आजा जर्मनच्या लढाईत इराणात तेलाच्या विहिरींवर पहाऱ्याला होता, तवा तिथल्या एका म्हातारीनं त्याला दिला. तिकडं सबुरीचा दगड म्हणतात. मनात साठलेलं त्याला सांगायचं. तो पितो आणि फुगतो. सांगून झालं की स्वतःवर एकदा मनापासून हसायचं, म्हणजे प्यालेलं दाबून बसतं आणि दगड परत मुठीएवढा होतो. हसायचं राहिलं तर फुगत जातो आणि एक दिवस फुटतो. फुटला की पोटातलं सगळं ज्याच्या त्याच्या आवाजात बोलून टाकतो, चारचौघांत.

माझ्याकडं नुसता पडून होता. तुला तिथं कोण न्हाई, म्हणून दिला. दोन वर्षांनी मास्तरीण होऊनच ये.

माया हाय ती हायच, तू तेवढं कार्ड टाकत जा.
सही म्हणून अंबूबाईचा अंगठा.


सांगली, ता. ११ ऑगस्ट १९७४

ती. आजीस विजूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. आज रविवार. खोलीतल्या तिघीही घरी गेल्यात. वसतिगृहात मी आणि भिंतीवरची पाल. जेवायला ताट मांडलं तर त्याचा आवाज अख्ख्या पडवीत घुमला.

कॉलेजात शिकवायच्या पहिल्याच सराव-पाठाला फळ्यापुढं उभी राहिले आणि तोंडातून 'न्हाई' निघालं. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मी वर्गात बोलतच नाही. मुली वाईट नाहीत, पण मला पाहिलं की एकमेकींना 'न्हाई न्हाई' करतात.

दगडाचं मला खरं वाटलं नव्हतं. पण एका दुपारी त्याला सांगितलं, नि तो हातातल्या हातात गरम झाला. दुसऱ्या दिवशी नारळाएवढा होता. आजी, तू हसायला सांगितलंस. पण सगळे माझ्यावर हसतातच, त्यात मी आणखी कशाला हसू? मग तो पेटीत मावेना, खाटेखाली मावेना. शेवटी मागच्या अंगणात तगरीच्या झाडाखाली नेऊन ठेवला.

तिथं आमच्या स्वयंपाकाच्या धोंडुबाईंनी तो पाहिला. काल नव्हता, आज आहे, आणि सकाळपेक्षा संध्याकाळी मोठा. त्यांनी शेंदूर फासला, तेल वाहिलं. आता मुली ओळीनं जाऊन हात जोडतात, आपापलं गाऱ्हाणं सांगतात. माझा दगड आहे म्हणायची सोय उरली नाही. तो आता माझ्या कमरेला लागतो.

काय करू ते कळव. माझं इथं मन लागत नाही. तिकडं बर्फात बापूंना कळवू नकोस, पण मला घरी यावंसं वाटतं.

तुझी,
विजू


॥ श्री ॥
कुंडल, ता. १८ ऑगस्ट १९७४

चि. विजूस आशीर्वाद, निम्मे आता आणि निम्मे शहाणी झाल्यावर.

अगं, आपल्या माणसांना वाटेत गोल दगड दिसला की शेंदराची वाटी आठवती. त्यात धोंडुबाईचं काय चुकलं? पण देवापुढं कोण हसतं? नुसतं गाऱ्हाणं सांगायचं आणि पाया पडून निघायचं. म्हणून तो फुगतोय.

तू जा आणि त्याच्यापुढं हास. 'न्हाई' म्हणालीस म्हणून वर्ग हसला, तर तू त्यांच्याहून मोठ्यानं हास. तुझ्या आजानं इराणात बिनदुधाचा चहा पाणी समजून त्यात भांडी घासली होती, ते आठव म्हणजे हसू येईल. लवकर कर. त्यात थोडं माझंबी जुनं पडलंय. काय ते विचारू नको, शालू लिहितीय.

आणि घरी यायचं नाव काढू नको. इथं तुझं काय अडलंय? माझं तर काहीच न्हाई अडलं.

कमीजास्त बोलले तर गोड मानून घे, आणि गोड बोलले असंन तर शालूची चूक समज.
अंबूबाईचा अंगठा.


सांगली, ता. २५ ऑगस्ट १९७४

ती. आजीस नमस्कार.

तुझं ऐकलं, पण उशीर झाला. मी दगडापुढं बसून माझी फजिती सांगितली आणि हसले. खरंच हसू आलं गं. तो थोडा लहानही झाला. पण धोंडुबाई धावत आल्या. देवाला हसतेस, म्हणून मला दंडाला धरून उठवलं आणि देवाची माफी मागायला त्याच्यावरच नारळ फोडला. नारळाबरोबर दगड फुटला.

भर दुपारी सगळ्या अंगणात उभ्या होत्या. आधी मुलींचे आवाज आले. एकीचं लग्न ठरवलंय, तिला ते नकोय. एकीला गणिताच्या वहीकडं बघितलं की उलटी येते. मग धोंडुबाईंचा आवाज आला. मुंबईचा लेक पत्र टाकत नाही, म्हणून त्या पोस्टमनच्या वेळेला मुद्दाम मागच्या दारी भांडी घासतात. धोंडुबाई पदर तोंडात धरून खालीच बसल्या. माझंही सगळं मुलींनी ऐकलं.

मग तळातून तुझा आवाज आला. आई गेली तेव्हाचा, आजा गेले तेव्हाचा. सगळं लिहवत नाही. शेवटचं मी निघायच्या आदल्या दिवशीचं होतं. तू दगडाला म्हणत होतीस,

"उद्या पोर जाणार. तिच्यासंगं तुलाबी धाडते. मग मी कुणाशी बोलू, ते इचारू नको. मला ठाव न्हाई."

त्या 'न्हाई'ला कुणी हसलं नाही.

नुसता पडून होता, असं लिहिलंस तू. मी शनिवारच्या एसटीनं येते, पेटी घेऊन. दोन वर्षं तुला एकटीला ठेवून मला मास्तरीण व्हायचं नाही.

विजू


॥ श्री ॥
कुंडल, ता. २८ ऑगस्ट १९७४

चि. विजयमालेस आशीर्वाद, सगळेच्या सगळे.

सांगलीतल्या पोरींनी माझं रडगाणं ऐकलं. आता आपल्या गल्लीपासून काय झाकायचं? दार सताड उघडून सांगतीय. शालूची सासू उंबऱ्यावर येऊन बसलीय. बसू दे.

ते खरं हाय. दिवा लावला की घर लय मोठं होतं. एकटीला भाकरी गिळवत न्हाई, म्हणून उभ्याउभ्याच खाते. कवा कवा तुझ्या नावानं हाक मारते, आणि कुणी ऐकलं असंल म्हणून म्हशीवर ओरडते. दगड देताना हात मागं येत होता. तरी दिला, कारण तुझ्याकडं काहीच नव्हतं आणि माझ्याकडं निदान सवय होती.

म्हणून सांगते, पेटी तिथंच ठेव. पेटी घेऊन आलीस तर मी दगड दिला तो फुकट गेला. शनिवारी रिकाम्या हातानं ये, पोटभर बोलू, सोमवारी वर्गात उभी राहा. तुझं ऐकलेल्या पोरी आता तुला काय हसतील? मला एकटं वाटंल. वाटू दे. तेवढ्यानं मी फुटत न्हाई, आणि आता वाटलं की बोलून दाखवीन.

शालू दोनदा थांबली. मला वाटलं, हात दुखला असंल. पण तिची सासू आता उठून गेलीय आणि ती मान खाली घालून विचारतीय, की इथं नांदायला आल्यापासून तिचं कुणी काही ऐकलेलं न्हाई, मी ऐकीन का. व्हय म्हटलं. काय ते तुला कळवणार न्हाई. ते तिचं हाय.

ती पेन खाली ठेवतीय, म्हणून पत्र एवढंच.
अंबूबाईचा अंगठा.