बारा नंबरच्या थांब्यावरचा बाक

नवी वसाहत,
ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा राग चालू आहे हे लक्षात ठेवूनच लिहिते आहे. मी मुलाबरोबर इकडे राहायला निघाले तेव्हा जिन्यात उभी राहून, सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात तू सांगितलंस, की गेलीस तर माझ्या दारात येऊ नकोस आणि मीही तुझ्या दारात येणार नाही. त्याला दोन महिने झाले. पत्र टाकू नकोस असं काही म्हणाली नव्हतीस, म्हणून टाकते आहे.

वसाहत छान आहे. लढाई संपल्यावर घरं पुरेनात म्हणून शहराबाहेरच्या माळावर ही आखून काढली. रस्ते पट्टीने ओढलेले, घरं एका साच्यातली. पहिल्याच आठवड्यात आमचे चिरंजीव शेजारच्या घरात शिरले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. शेजारणीने वाढलंही. जेवण झकास होतं असं तो घरी येऊन सांगता झाला, तेव्हापासून सूनबाईंचा अबोला आहे.

इथे शाळा आहे, दवाखाना आहे, हिरवळ आहे, आणि हिरवळीवर बसू नये अशी पाटी आहे. म्हाताऱ्या माणसांनी टेकायचं कुठे, एवढंच आखणारे विसरले. अख्ख्या वसाहतीत बाक एकच, बारा नंबरच्या बसथांब्यावर. तिथे रोज दहा ते बारा आम्ही तिघं असतो: मी, एक निवृत्त नर्सबाई आणि एक कुलूपवाले. टेलिफोन ऑफिसात मी तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली, आता कुठे स्वतः बोलते आहे.

ड्रायव्हरचं मात्र डोकं फिरलं आहे. बस आली की आम्ही माणुसकीने हात करतो, तो थांबतो, दार उघडतो, आणि चढत कोणीच नाही. परवा तो खाली उतरून विचारू लागला, की तुम्हाला जायचंय तरी कुठे. कुलूपवाले म्हणाले, कुठेच नाही, तुम्ही बरे आहात ना एवढंच बघत होतो. बिचारा!

राग उतरला असेल तर कळव. नसेल तरी कळव.

तुझी,
धाकटी

जुनी गल्ली,
ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, पण हात राखून.

राग उतरलेला नाही. तुझी ती बारा नंबरची माझ्या खिडकीखालूनच सुटते. दिवसातून पंधरा वेळा भोंगा वाजवते आणि पंधरा वेळा माझा राग ताजा करते.

शिवणकाम चालू आहे. तोंडात टाचण्या धरून काहीतरी सांगायला मान वळवते, तर तुझी खुर्ची रिकामी. काल चिडून एका झग्याला दोन डाव्या बाह्या लावून बसले. गिऱ्हाईक तुझ्या नावाने बोटं मोडत गेलं, म्हणजे मीच नाव सांगितलं.

नीट जेवत जा. शेजारणीकडे का होईना.

रागावलेली,
ताई

नवी वसाहत,
ता. २१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

घात झाला गं. बस कंपनीने थांब्यावर कागद चिकटवला आहे: या थांब्यावर कोणी चढत नाही, सबब तो बंद करून छप्पर आणि बाक काढून नेण्यात येईल. त्याआधी एप्रिलचा पहिला आठवडा एक साहेब वही घेऊन चढणारी माणसं मोजणार.

नर्सबाईंना रडू फुटलं, आणि तुझ्यापासून काय लपवू, मलाही. मुलगा-सून कामावर गेली की घरात मी आणि चार भिंती. हा बाक गेला तर मी बोलू कोणाशी?

शेवटी असं ठरलं, की दर बसला एकाने चढायचं, पुढे पाण्याच्या टाकीपाशी उतरायचं आणि चालत परत यायचं. नर्सबाईंचे गुडघे आत्तापासूनच कुरकुरतायत. जमेल का गं?

तुझी,
धाकटी

जुनी गल्ली,
ता. २५ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

दर बसला एक? काय हा चिकटपणा! करायचं तर दणक्यात करा. वसाहतीतली सगळी म्हातारी माणसं गोळा कर. सोबत पार्सल आहे: गिऱ्हाइकांनी शिवायला टाकले आणि न्यायला आलीच नाहीत, असे अकरा कोट आणि सहा टोप्या. कपडे बदलत राहा, म्हणजे तोच माणूस पुन्हा चढतोय हे साहेबाला कळणार नाही. तपकिरी कोट तू घालू नकोस, त्यात तू पोत्यासारखी दिसशील.

मी मदत करते आहे असा अर्थ काढू नकोस. कोट जागा अडवत होते.

ताई

नवी वसाहत,
ता. १२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं ऐकलं आणि झुंबड उडवून दिली. एका सकाळी कुलूपवाले एकटेच चार टोप्यांत चार माणसं झाले. तपकिरी कोट मीच घातला. साहेब इतका सज्जन, की हात देऊन वर चढवायचा. तिसऱ्यांदा चढवताना त्याने विचारलं, की तुम्ही बहिणी बहिणी आहात तरी किती. मी म्हटलं, दोनच, आणि दुसरी येत नाही.

काल निकाल लागला. थांबा राहिला. इतकी गर्दी उसळते म्हणून बसगाड्या दुप्पट केल्या, आणि रांगेला जागा हवी म्हणून बाक उपटून नेला! तो ट्रकमध्ये चढवताना साहेबाने आमचं अभिनंदन केलं.

आज आम्ही तिथे खुळ्यासारखे उभे होतो. बस आली ती साफ रिकामी. ड्रायव्हर म्हणाला, तुमच्या कृपेने मी नुसत्या खुर्च्या फिरवतोय, आता निदान बसायला तरी या. गेलो. गादीच्या चव्वेचाळीस जागा, आणि आम्ही तिघं! शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तुझी खिडकी दिसली. तू मशीनवर वाकली होतीस, वाळल्यासारखी वाटलीस. बस पाच मिनिटं उभी होती, पाचही मिनिटं बघत राहिले. तू दारात येऊ नको म्हणालीस, म्हणून उतरले नाही. फार वाईट वाटलं, ताई.

तुझी,
धाकटी

जुनी गल्ली,
ता. १५ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद, या वेळी दोन्ही हातांनी.

बाक माझ्यामुळे गेला. हे मी पुन्हा कबूल करणार नाही, तेव्हा पत्र जपून ठेव. पण खिडकीखाली पाच मिनिटं बसलीस आणि हाक नाही मारलीस? अख्ख्या शहराला हॅलो हॅलो करणारी बाई तू! पत्र वाचून आधी हसले, मग इतकी रडले की समोरचं कापड धुवायला टाकावं लागलं.

मी शब्द मोडणारी नाही. तुझ्या दारात मी येणार नाही, माझ्या दारात तू येऊ नकोस. पण बसचं दार कंपनीचं आहे. सोमवारी अकराची गाडी मी इथून धरते, तुझ्या थांब्यावर तू चढ. उतरायचं कोणीच नाही. गाडी वळेल, परत येईल, पुन्हा वळेल. डबा दोघींचा मी आणते. खिडकीची जागा माझी, त्यावरून वाद नको, वाद घालायला दुसरं पुष्कळ साठलंय. कुलूपवाले आणि नर्सबाई यांना मागच्या बाजूला बसव, त्यांनी ऐकावं असं त्यात काही नाही.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. तोंडाने दे.

तुझीच,
ताई