तहकूब ग्रामसभा

११ मे
बिनविरोध सरपंच होऊन अडीच वर्षं झाली. दिनकररावांनीच निवडलं मला. जागा आमच्यासाठी राखीव, त्यात बाई हवी. 'सुकेशनी गरीब हाय, बोलत न्हाई.' ते उपसरपंच. माझ्या खुर्चीत ते बसतात, मी कपाटाजवळच्या स्टुलावर. स्टूल मात्र नवं आहे – माझ्या पदाचा मान म्हणून घेतलेलं.

१२ मे
कडूमायचे पाय पुन्हा सुजले. माझी चुलत सासू. आमच्या वस्तीतून स्मशानाकडे रस्ता नाही, पावसाळ्यात तिरडी गुडघाभर चिखलातून न्यावी लागते. म्हणाली, "सुके, मला चिखलातून नेणार असशील तर मी पावसाळ्यात मरत न्हाई. सांगून ठिवते."
दोघी हसलो. मग मला जेवण गेलं नाही.

१३ मे
रस्त्याचा विषय ग्रामसभेच्या नोटिशीत घातला. दिनकरराव हसले. "घाला की, ताई. शंभर माणसं कुठून आणणार?"

२१ मे
ग्रामसभा. शंभर लागतात, एकोणीस आलो. सगळे वस्तीतले. बाकी गाव समोरच, दिनकररावांच्या ओट्यावर चहा पीत. सभा तहकूब.
"नाराज होऊ नका, ताई. लोकशाही हाय."

२२ मे
जुनी इतिवृत्तं वाचली. वीस वर्षांतला प्रत्येक ठराव तहकूब सभेतला! पहिल्या सभेला कुणी यायचंच नाही, ही इथली रीत. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की माणसं मोजत नाहीत. मग दिनकरराव, ग्रामसेवक आणि चिवडा – झालं गावाचं एकमत.
ग्रामसेवक भागवतला विचारलं, "माझी कालची सभापण तहकूबच ना?"
त्याने पेन खाली ठेवलं. "लय बारीक वाचता तुमी."
ही पळवाट आपल्याशिवाय कुणाला सापडेल, हे दिनकररावांच्या मनातही आलं नसावं. थोडी दयाच आली त्यांची.

२८ मे
तहकूब सभा. दिनकरराव परभणीला लग्नात. आम्ही तेरा जण. सूचक कडूमाय – तिला बाजेसकट उचलून आणलं. "जितेपणीच खांदा भेटला की," ती म्हणाली. रस्ता मंजूर.
घरी आल्यावर आठवलं, आज मी खुर्चीत बसले होते.

१६ जून
तहसीलमधून अविश्वास ठरावाची नोटीस आली. पहिली सही दिनकररावांची. कारण एकच लिहिलंय: सरपंच स्वतःच कारभार करतात.