घडीसम्राट आणि आईचा लाल मणी

तीर्थरूप ताईला धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली अर्ध्यावरच थांबतो, पण मनातला पुरा आहे.)

तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला, की अजून दुकानात गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देताना स्वतःच खोकतात? इकडे आमचे हे उत्तम आहेत. निवृत्त झाल्यापासून घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालतात, आणि मग त्या दारांतून आवाज न करता येऊन माझ्या पाठीमागे उभे राहतात. माझ्या हातून दोन कप त्यामुळेच फुटले. ते म्हणतात, कप जुने होते.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या लेकीच्या, आपल्या मुंगीच्या, इथल्या नोकरीची मुदत या महिन्यात संपते, ती वाढवून मिळाली नाही तर तिने मुकाट्याने घरी यावं, भावोजींच्या औषधांच्या दुकानात बसावं, तिच्या खोलीला रंग दिला आहे, पडदेही लावले आहेत, असं तू लिहिलंस. तू सांगितलंस म्हणून मी तिला ते वाचून दाखवलं. तिने पडद्यांचा रंग विचारला. जांभळा, म्हटलं. त्यावर तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, तिला जांभळा आवडला.

आता झालं काय ते सांगते. पण आधी विषय समजावते, नाहीतर तू मधलं सगळं सोडून शेवट वाचशील. (तरी वाचशीलच.) मुंगी गेली काही वर्षं एकाच प्रथिनाच्या मागे आहे. प्रथिन लिहिलं की पथ्याचं वाटतं, तिकडे सगळे प्रोटीनच म्हणतात. आपल्याला वाटतं, प्रोटीन म्हणजे दूध आणि अंडी. तसं नाही म्हणे. शरीरात अशी हजारो प्रथिनं आहेत आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. प्रथिन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. ती पेशीत तयार झाली की स्वतःच स्वतःची घडी घालते. काही मणी पाण्याला भितात, ते आत लपतात. काहींना पाणी आवडतं, ते बाहेर बसतात. घडी नीट बसली तर काम होतं, चुकली तर माणूस आजारी पडतो. अंडं उकडल्यावर पांढरं होतं तेसुद्धा आतल्या घड्या उलगडून त्यांचा गुंता झाल्यामुळे, आणि तो गुंता मग सुटत नाही. हे तिने न्याहारीच्या टेबलावर सांगितलं. तेव्हापासून यांनी उकडलेलं अंडं सोडलं, दया येते म्हणून. (ऑम्लेट चालतं.)

मुंगीचं प्रथिन जरा विचित्र आहे. एकटं असताना ते सैल लोंबत राहतं आणि त्याचं जोडीदार प्रथिन जवळ आलं की मगच धड घडी घेतं. ताई, हे वाचून लगेच स्थळं काढायला बसू नकोस. मीही सुचवून पाहिलं. ती म्हणाली, "मावशी, बाकीची कितीतरी एकटीच मजेत असतात. आणि काही तर जोडीदार चिकटला की कायमची बिघडतात." मी विषय बदलला.

तिचे वरिष्ठ म्हणजे घडीसम्राट. (नाव मी ठेवलं आहे, पण आता मुंगीच्या सोबतच्या मुलीही तेच म्हणतात.) प्रथिनांच्या आकारांवरचे मोठे जाणकार. परीक्षानळीला हात लावून त्यांना बरीच वर्षं झाली असावीत, कारण प्रयोगशाळेत आले की हातमोजे कुठे ठेवतात हे त्यांना विचारावं लागतं. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर वेगवेगळ्या प्रथिनांचे फोटो आहेत. सगळ्यांत ते स्वतः पुढे आणि प्रथिन मागे. तर मध्यंतरी कॉम्प्युटरने मुंगीच्या प्रथिनाचा आकार एका दुपारी काढून दिला. झालं. घडीसम्राटांनी जाहीर केलं की आकार मिळाला, विषय संपला, आता यात माणसं गुंतवायची गरज नाही. मुंगी म्हणाली, "फोटो मिळाला म्हणजे माणूस कळला का, सर? तो उठतो कसा, बसतो कसा, कुणाशी त्याचं पटतं, ते कोण बघणार?" सर म्हणाले, "ते पुढच्या पिढीवर सोडू." पुढची पिढी समोरच उभी होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

काम बंद करायचं की मुंगीला मुदत वाढवून द्यायची, हे बाहेरून येणारी समिती ठरवणार होती. तिच्यापुढे ठेवायला मुंगीने तारेत मणी ओवून त्या प्रथिनाचा उशीएवढा नमुना केला होता. एकेक वळण तिच्या प्रयोगातून निघालेलं. बैठकीच्या आदल्या दिवशी तो घरी आणला आणि कामाला परत जाताना म्हणाली, "मावशी, यावरची धूळ फुंकर मारून काढशील?"

फुंकर. शब्द स्पष्ट होता, मी नाकारत नाही. पण ताई, तू आणि मी ज्या कॉन्व्हेंटात वाढलो तिथे फुंकरीला कोणी स्वच्छता म्हणत नसे. शिवणाच्या तासाच्या सिस्टर माझ्या रुमालाचा वास घेऊन बघायच्या, आठवतं? मी तो नमुना कोमट पाण्यात साबण घालून बुडवला आणि वर्तमानपत्र वाचत बसले.

परत आले तर घड्या जागच्या जागी धरून ठेवणारा गोंद विरघळला होता. मला ते दिसलं नाही. मी नमुना उचलला आणि सवयीने, धुतलेला कपडा झटकावा तसा, झटकला. पोरीची सगळी मेहनत स्वयंपाकघरभर सरळ झाली. एक टोक माझ्या हातात, दुसरं फ्रिजच्या दाराशी. मधे तार तुटली आणि मणी सिंकमध्ये उड्या मारायला लागले. तेवढ्यात हे तेल घातलेल्या दारातून आले आणि म्हणाले, "कपडे वाळत घालायला नवी दोरी आणलीस का?"

मग आम्ही दोघं बसलो. मणी धुतले, ओवले, आणि मला आठवेल तसं मी गुंडाळायला लागले. मला आठवत होतं ते असं की एका बाजूला शंखासारखं काहीतरी, मधे रिबिनी, आणि मागे आपल्या गाण्याच्या बाईंच्या अंबाड्यासारखं. यांनी अंगठ्याने दाबून धरलं, मी बांधलं. अंगठा काढला तर तिथे खड्डा राहिला. मी बुजवायला निघाले. हे म्हणाले, "असू दे, कुणाला कळतंय." (ताई, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांचं म्हणणं इतकं शब्दशः खरं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.)

एक पिवळा मणी मात्र सिंकच्या भोकातून गेला तो गेलाच. आता आईची लाल माळ आठव. जिन्यावर आपण दोघी दोन बाजूंनी ओढत होतो ती. आई रागावेल म्हणून आपण डोळे मिटून घेतले होते, आणि उघडून पाहिलं तर ती पायरीवर बसून मणी वेचत होती. मग तिने अर्धे तुला दिले, अर्धे मला, आणि म्हणाली, "घाला आता अर्ध्या अर्ध्या गळ्यात." त्या वाटणीत माझ्याकडे एक मणी जास्त आला असं तू तेव्हापासून म्हणत आली आहेस. (आला नव्हता.) तर माझ्या वाट्यातला एक मणी मी पिवळ्याच्या जागी ओवला. चपखल बसला. आईचं काहीही कुठेही बसायचं, तसा.

मुंगीला सगळं सांगायचं मी ठरवलं होतं. पण ती आली ती इतकी दमलेली की जेवताना चमचा हातात धरूनच पेंगली. सकाळी सांगू म्हटलं, तर मी उठायच्या आत ती नमुन्याची पेटी उचलून गेलेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. चांगला कोट चढवला आणि धावले.

संस्थेच्या दारावर माणसाने अडवलं. मी मदर सुपीरियरच्या आवाजात (तो हळू, ज्याने अख्खा वर्ग गार पडायचा) एवढंच विचारलं की समितीची बैठक कुठे भरते. तो उभा राहिला, माझ्या कोटाला बिल्ला लावला आणि मला थेट दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. समोर पाण्याची बाटली, पेन्सिल आणि कोरे कागद. बिल्ल्यावर 'निरीक्षक' लिहिलं होतं. मुंगी पलीकडच्या भिंतीशी उभी होती. मी तिला हातांनी खुणा करू लागले. ती बघेना, पण एका गृहस्थांनी खुणा बघितल्या आणि उठून पंखा वाढवला.

मग घडीसम्राट उठले. टेबलावर माझी घडी. तिच्याभोवती ते असे फिरले की जणू नवरदेवच. म्हणाले, हा आकार आता पूर्ण उलगडला आहे, यात शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. छडीने अंबाडा दाखवला आणि म्हणाले, निसर्गाची काटकसर बघा. मग खड्ड्यापाशी आले. याच पोकळीत उद्याचं औषध बसणार, म्हणाले. (म्हणजे उद्याचं औषध आमच्या यांच्या अंगठ्याएवढं असणार. गिळायचं कसं, देव जाणे.) आणि मग ताई, छडी आईच्या मण्यावर टेकली. "हा लाल मणी बघा. सगळ्या रचनेची कळ इथे आहे. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत आलो." समितीतल्या सगळ्यांनी लिहून घेतलं. एकाने फोटो काढला. मीही लिहून घेतलं, कारण पेन्सिल दिली होती.

समितीत जाड चष्म्याच्या एक आजीबाई होत्या. आपल्याहूनही मोठ्या, आणि तोवर एक अक्षर न बोललेल्या. त्यांनी मुंगीकडे वळून विचारलं, "तुला काही सांगायचंय का, मुली?"

मुंगी म्हणाली, "तो मणी माझ्या आजीचा आहे."

घडीसम्राटांची छडी मण्यावरून घसरली.

"आणि घडी माझ्या मावशीची असावी. त्या तिथे बसल्यात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिल्ल्यावर हात ठेवला. मुंगी पुढे शांतपणे म्हणाली की सरांच्या मते यात शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. पण ज्याचं सगळं माहीत झालं आहे ते समोर नाही, एवढं तरी ओळखता यायला हवं होतं. कॉम्प्युटरने दिलेला आकार चांगला आहे, पण तो जोडीदार आल्यानंतरचा. त्याआधी ते सैल असताना काय करतं, तेच ती बघते आहे. घडीसम्राट क्षणभर लालबुंद झाले. मग घसा साफ करून म्हणाले, "प्रथिनं लवचिक असतात. मी एका शक्यतेबद्दल बोलत होतो." आजीबाई एवढ्या हसल्या की त्यांना माझी बाटली द्यावी लागली. मग आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

बसमध्ये मुंगी खिडकीबाहेर बघत बसली. मी तीनदा माफी मागितली. चौथ्यांदा मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "मावशी, पडदे जांभळेच आहेत ना? नक्की?"

तेव्हा ताई, निकाल यायचा आहे आणि माझी पाचावर धारण बसली आहे. पोर परत आली तर तिला एका शब्दाने बोलू नकोस. दोष माझा, साबणाचा आणि थोडा यांच्या अंगठ्याचा. तिला दुकानात लगेच बसवू नकोस, आणि पडदे तेवढे बदल. भावोजींना नमस्कार. खोकल्यावर गरम पाणी.

तुझी,
धाकटी

ता. क. पाकीट चिकटवणार तोच निकाल आला. मुंगीला मुदत वाढवून मिळाली, आणि काम आता घडीसम्राटांच्या हाताखाली नाही. आजीबाईंनी आग्रह धरला म्हणे. तेव्हा खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाक. मुंगी नवा नमुना करते आहे. या वेळी तिला जोडीदार प्रथिनही करायचं आहे, आणि ते सगळंच्या सगळं लाल हवं आहे. माझे मणी पुरत नाहीत. तुझे लागतील. पोस्टाने पाठवू नकोस, हरवतात. स्वतः घेऊन ये. कंबर दुखत असेल तर हळूहळू ये, पण ये. इतके दिवस मी तुला नुसतं कंबरेबद्दल विचारते आहे.

ता. क. २. माझी घडी संस्थेच्या दाराशी काचेच्या कपाटात ठेवली आहे. फोटो छापायला गेले होते, त्यामुळे ती आता तिथून काढता येत नाही असं कळलं. खाली घडीसम्राटांचं नाव आहे. मणी परत मागितला तर म्हणाले, तो रचनेचा भाग आहे. म्हणजे माझ्याकडे एक मणी जास्त होता असं तुझं म्हणणं असेल (नव्हता), तर तो आता गेला. आपल्या दोघींचे सारखे झाले.

ता. क. ३. आज न्याहारीला मुंगी अंडं सोलता सोलता म्हणाली, "मणी मला पेटी उघडली तेव्हाच दिसला होता. आकार तर आंधळ्यालाही कळला असता." मी म्हटलं, "मग आधीच का नाही सांगितलंस? नोकरी गेली असती ना." तर म्हणाली, "म्हटलं, सर बघतात का ते तरी बघू." हे म्हणताना तिने हनुवटी अशी वर केली, अगदी तुझ्यासारखी. ताई, जिन्यावर माळ आधी कुणी ओढली याबद्दल आता माझ्या मनात काही शंका उरलेली नाही.