गार्नेटची भिंत

थॉर्नकोट, १२ मार्च २०१६

चि. डेझमंडास, अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला. विल्फ्रेडला पक्षाघात झाल्यापासून दिवस कसा जातो ते कळत नाही. तो मागच्या खोलीत खिडकीशी बसायचा, तिथून चर्चचं घड्याळ दिसायचं. आता शेजारच्या गार्नेटने एका मजल्याची परवानगी काढून दोन बांधलेत. खिडकीतून नुसत्या विटा दिसतात. त्याला विचारलं तर म्हणाला, आकाश काय तुम्ही खरेदीखतात लिहून घेतलंय?

गेल्या जुलैत नगरपालिकेकडे तक्रार केली, उत्तर काल आलं. बांधकाम नियमाबाहेर आहे हे त्यांना मान्य आहे, पण कारवाई करणं लोकहिताचं नाही म्हणे. खाली पेल नावाच्या अधिकाऱ्याची सही. तू जन्मभर अशाच कचेरीत होतास. मी काय करू ते सांग.

तुझी,
एनिड

व्हिटबी, १९ मार्च २०१६

ती. एनिडताईस, सा. न.

चिडून गार्नेटच्या दारात जाऊ नकोस, तुझा आवाज मला लहानपणापासून ठाऊक आहे! आधी नगरपालिकेतल्याच वरिष्ठांकडे तक्रार कर. ते नकार देतील. मग लोकपालाकडे जा. तो स्वतंत्र असतो, माणसंही सज्जन असतात. पण एक आधीच सांगतो, तो भिंत बघत नाही. कागद बघतो. निर्णय रीतसर घेतला की नाही एवढंच तपासतो. चुकीचा निर्णयसुद्धा रीतसर घेता येतो.

विल्फ्रेडभाऊजींना माझा नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझा,
डेझमंड

थॉर्नकोट, २७ जानेवारी २०१७

चि. डेझमंडास, अ. उ. आ.

तू म्हणालास तसंच झालं. लोकपालाचा निकाल नऊ पानी आहे. आठ महिने उत्तर दिलं नाही हा नगरपालिकेचा दोष, त्याबद्दल त्यांनी माफी मागावी. पण पेलने मोजमाप घेतलं, रस्त्यावरून फोटो काढले, कारणं लिहून ठेवली, म्हणून त्याच्या मतात हात घालता येत नाही. तपास करणाऱ्या बाईंना मी फोनवर विचारलं की भिंत योग्य आहे का. त्या फार मऊपणाने म्हणाल्या, ते सांगणं माझ्या हातात नाही.

मग मी पेलला फोन केला. म्हटलं, तक्रार संपली, आता मला काही मिळवायचं नाही, फक्त चहाला या. आला बिचारा. विल्फ्रेडने धडपडत उठून त्याला आपली खुर्ची दिली. पेलने फाइल उघडली तर अक्षर दिसेना. भर दुपारी विल्फ्रेडने दिवा लावला आणि तीनदा अडखळून त्याला साखर किती ते विचारलं.

पेलने फाइल मिटली. जाताना म्हणाला, “मी आधीच आत यायला हवं होतं.” निर्णय बदलता येणार नाही हेही त्याने सांगितलं. मला राग आला नाही. विल्फ्रेडची खुर्ची आता रस्त्याकडच्या खोलीत हलवली आहे.

आमची आठवण ठेव.

एनिड

व्हिटबी, ४ फेब्रुवारी २०१७

ती. एनिडताईस, सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो.

१९८७ साली इथल्या मिसेस ऑटली यांच्या स्वयंपाकघरासमोर शेजाऱ्याने असंच वाढीव बांधलं. मी रस्त्यावरून फोटो काढले आणि लिहिलं, कारवाई लोकहिताची नाही. बाईंनी मला दोनदा चहाला बोलावलं. तक्रारदाराकडे चहा घेणं बरं दिसत नाही, म्हणून मी गेलो नाही. त्या लोकपालाकडे गेल्या. माझा काही दोष नाही असा निकाल आला. ते पत्र मी घरी आणून बायकोला कौतुकाने दाखवलं होतं.

काल त्या गल्लीत जाऊन आलो. मिसेस ऑटलींना वारून वीस वर्षं झाली. आता तिथे कुणी दुसरी बाई राहते. मी कोण ते सांगितलं, तिने आत घेतलं. सकाळचे अकरा वाजले होते आणि ती दिव्याखाली गाजरं सोलत होती. मी भिंतीकडे बोट दाखवून माफी मागायला लागलो, तर तिला काही उमगेना. तिला वाटतं, हे घर पहिल्यापासूनच अंधारं आहे.

एवढ्यावर लोभ कमी झाला नसेल, तर उत्तर लिही.

तुझा,
डेझमंड