शेवंताआक्कांची काढलेली दाढ

रामनगर, मंगळवार, संध्याकाळ

दिग्गीच्या शेवंताआक्का आज रूट कॅनालसाठी माझ्याकडे परत आल्या. चावायला उरलेली एकच दाढ, खालची, डावी. मागच्या खेपेला आत मुळांच्या तीन नळ्या शोधल्या, सापडल्या नाहीत, थांबले. उजवीकडची तशीच दाढ कुठल्याशा शिबिरात काढलेली, ती त्यांनी घरी जपून ठेवलेली. आणायला सांगितली होती. दोन्ही बाजूंची ठेवण बहुधा सारखी असते.

"कापून बघू?"

"काप की बाई. तिला आता काय दुखायचंय?"

कापली. आत वेगळ्या नळ्या नव्हत्याच, एकच सलग फट होती, चंद्रकोरीसारखी वळलेली. मग डावीतही तीच सापडली. कडेकडेनं साफ करत गेले. औषध भरण्याआधी आक्कांना जरा तोंड मिटू दिलं, तर त्या कापलेल्या दाढेकडे बघत होत्या.

"मंजे ही बी वाचली आस्ती, व्हय?"

एक्स-रेशिवाय सांगता येत नाही, हे उत्तर तयार होतं. मग ते का दिलं नाही? कीड आत गेली होती, पण दाढेच्या भिंती शाबूत होत्या. आणि ती चंद्रकोर आम्हा दोघींच्या समोर होती.

"व्हय आक्का. बहुतेक."

त्या रडतील असं वाटलं. रडल्या नाहीत. शिबिरातल्या डॉक्टरला नावं ठेवतील असंही वाटलं, तेही नाही. खुर्चीत मागे टेकल्या, डाव्या गालावर बोट ठेवलं.

"मग हिला परत एकदा बघ. माजी बस चुकली तर चुकू दे."

आपलं काम झालं आहे, अशी माझी खात्री होती. तरी पुन्हा बघितलं. फटीच्या एका टोकाला अजून साफ करायचं राहिलं होतं.