रॉकेटला लावलेली तीट

माय,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलोय. मी बरा आहे. इथे सुरतेत, पांडेसऱ्यात खानावळही चांगली मिळाली. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस ना?

सध्या आमच्या एम्ब्रॉयडरी मशिनवर साड्यांऐवजी छातीवर शिवायचे गोल बिल्ले चाललेत. चार परदेशी माणसं रॉकेटमधून अंतराळात जाणार आहेत, त्यांचे. कडेला चौघांची नावं, मध्ये रॉकेट आणि सहा तारे, कारण चौघांची मिळून सहा लेकरं. "यात एक टाकापण फुकट नसतो," शेठ म्हणाले. पण हे मला नंतर कळलं.

तोवर कॉम्प्युटरवर डिझाइन बसवताना मी रॉकेटच्या बुडाशी काळा ठिपका टाकून बसलो होतो. मी सुरतेला निघालो तेव्हा एवढ्या घोड्याला तू कानामागे तीट लावली होतीस. हे तर किती लांब चाललेत!

ऑर्डरवाल्या पार्टीने विचारलं, या ठिपक्याचा अर्थ काय? शेठ भडकले. दोन दिवस बसून मी दोनशे ठिपके उसवले. नोकरी शाबूत आहे, काळजी करू नकोस.

पण तेव्हापासून एकच मनात येतंय. लावलेली तीट अशी कुणी पुसतं का गं?

उड्डाण एकवीस तारखेला आहे. सोबत एक बिल्ला पाठवतोय, मागे नावं मराठीत लिहिलीत. त्यावरची नावं घेऊन मीठ-मोहऱ्यांनी चौघांची दृष्ट काढ.

मोहऱ्या उरल्या तर पाचवी माझी.

तुझा
धर्मेंद्र